सुदर्शनची सही

बिबवेवाडीतल्या त्या सर्व्हर विकणाऱ्या कंपनीत सुदर्शनला सगळे 'कासव' म्हणायचे, आणि तेही तोंडावर. वर्ध्याहून पुण्यात येऊन त्याला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्याने एकाही डिस्कचा खोटा वेग कागदावर लिहिला नव्हता. मिरवायला त्याच्याकडे तेवढंच होतं.

डिस्कचा वेग मोजायला इतरांना एक मिनिट लागे. छोटीशी फाइल लिहायची, वाचायची, आकडा आला की चहाला मोकळे. पण एवढीशी फाइल मशीन मेमरीतूनच परत देतं, डिस्कपर्यंत जातंय कोण! वाण्याने गल्ल्याजवळची बरणी चटकन काढून दिली, म्हणून त्याचं गोदाम जवळ आहे असं होतं का? सुदर्शन मेमरीच्या दुप्पट मोठी फाइल घ्यायचा, दर खेपेला मेमरीत साठलेलं पुसायचा आणि दिवसभर चाचणी चालवायचा. डिस्क दमली की खरं बोलते, असं त्याचं म्हणणं.

दसऱ्याला कात्रजच्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर जायचा होता. मशीनला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, नारळ फुटला, तरी सुदर्शनची आदल्या दिवशीची चाचणी चालूच. शेवटी आकडा आला. सेकंदाला दोनशे दहा एमबी. लॅबला कबूल केले होते एकोणीसशे.

"अहो, मुहूर्त टळतोय," मालक अनिरुद्ध म्हणाले. "मिनिटाच्या चाचणीत एकोणीसशे आलेत ना? तेच लिहा आणि सही करा. बाकीच्यांच्या सहीला ते लोक विचारत नाहीत."

"सर, सकाळी शंभर पेशंट एकदम आले की हे आडवं पडेल."

"भविष्यही बघता वाटतं आपण? मग दिवाळीनंतर कोणाकोणाला घरी बसवायचंय, तेही दिसलं असेल."

दिसलं होतं. पन्नाशीतल्या माणसाला या शहरात कोण दारात उभं करतं? त्याने सही केली. स्वतःची किळस आली, आणि हातावर ठेवलेला पेढाही त्याने खाल्ला.

दिवाळी सरते न सरते तोच लॅबचा फोन आला. निस्तरायला सुदर्शनलाच पाठवलं. तिथे रक्त द्यायला उपाशीपोटी आलेली म्हातारी माणसं बाकांवर ताटकळत होती, कारण नावनोंदणीच अडकली होती. लॅबच्या प्रमुख मंदाकिनीबाई त्याला आत घेऊन गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चार ठिकाणी चौकशी केली होती हो," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडूनच का घेतलं, सांगू? जो तो म्हणाला, तिथे सुदर्शन म्हणून एक गृहस्थ आहेत, ते मेले तरी खोटा आकडा लिहिणार नाहीत. एकदा त्यांना घेऊन या ना. काय बिघडलंय ते तेच सांगतील."

सुदर्शनने खाली मान घालून लॅपटॉप उघडला.

"आणि आपलं नाव?"

"वैजनाथ," तो म्हणाला.