आर्जेंटिनातला सूर्य आणि आमची मालन

आमच्या वेळणेश्वरचा महिपत आर्जेंटिनाला जाऊन आला तेव्हा गावाला दुसरा विषय उरला नाही! एकोणीसशे एकतीस सालच्या एप्रिलमधली गोष्ट. त्याआधी गावात सगळ्यांत लांब जाऊन आलेला माणूस म्हणजे हरिश्चंद्रभाऊ तांडेल. भाऊ गलबत घेऊन कराची-बसऱ्याला जात, आणि त्या बसऱ्याच्या जोरावर त्यांनी वर्षानुवर्षं भाव खाल्ला होता. महिपत आला आणि बसरा एकदम शेजारच्या वाडीइतका जवळ आला.

मी मालनची थोरली बहीण, शकू. आंब्याच्या दिवसांत माहेरी आले होते. मालनचं लग्न महिपतशी जवळजवळ ठरलंच होतं, सुपारी तेवढी फुटायची राहिली होती. तेव्हा मी जे सांगते आहे ते दाराआड उभं राहून, मालनला चिमटे काढत स्वतः ऐकलेलं आहे.

महिपतला आईबाप नव्हते. आत्याने, ठमाबाईने, सुकट विकून वाढवला. मिसरूड फुटायच्या आत तो मुंबईला गेला आणि मोठ्या बोटीवर खलाशी झाला. बोलायची भारी हौस! पण एक खोड होती, डोळ्यांनी बघितलं नाही ते छातीठोक सांगायचा नाही. कुणी विचारलं, "तिथला राजा कसा हाय रे?" तर म्हणाला, "राजा नाय तिथे. लोक निवडतात म्हणे. हल्ली पलटणीतला कोणी सायेब बसलाय असं ऐकलं. मी काय बगितला नाय त्याला."

आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी गर्दी. महिपत सांगायचा, कलकत्त्याला गोणपाट भरायचं, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचा, की मग नुसतं पाणी! शेवटी जमीन लागते ती एका नदीच्या तोंडाशी. नदी गढूळ, चहाच्या रंगाची, आणि रुंद इतकी की पलीकडचा काठ दिसत नाही. काठावर बोनोस आयरेस, त्यांची राजधानी. तिथे आगगाडी चक्क जमिनीखालून धावते! आमच्या जिल्ह्यात ती जमिनीवरूनसुद्धा धावत नव्हती, त्यामुळे लोकांनी आ वासला. पुढे बोट नदीनेच आत जाते, रोसारियो नावाच्या बंदराला, गहू भरायला. दोन्ही काठांना सपाट रान. डोंगर नाही, कातळ नाही.

"कातळ नाय?" आमचे आप्पा ओरडलेच. त्यांची चिऱ्याची खाण होती. "मंग घरं कशाची बांधतात?"

"विटांची, आप्पा."

आप्पांना त्या देशाची मनापासून कीव आली.

"आणि तिकडे जायचं झालं तर आषाढात घोंगडी न्या," महिपत सांगायचा. "आपल्याकडं पाऊस कोसळतो तेव्हा तिकडं थंडीनं दात वाजतात. पौषात गेलात तर घामाच्या धारा." लोक एका भांड्यात पाल्याचा काढा करतात, त्यात एक नळी घालतात आणि सगळे त्याच नळीने पितात, हे ऐकून दाराआडून आई म्हणाली, "शी! उष्टं! तू प्यायलास काय?"

"प्यायलो," महिपत म्हणाला. "कडू व्हता."

नाही म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं? पण नाही! माझ्या मनातून तो तेव्हाच पास झाला. मालनचं तर विचारूच नका.

आणि मग एका संध्याकाळी त्याने ते सूर्याचं सांगितलं. तिकडे सूर्य उगवतो पूर्वेला, मावळतो पश्चिमेला, पण दुपारी उत्तरेच्या अंगाने जातो. माणसाची सावली दक्षिणेला पडते.

भाऊ ताडकन उठले. "सगळा जन्म दर्यावर गेला माजा! कराचीत दुपारचा सूर्य दक्षिणेला, बसऱ्यात दक्षिणेला. तुज्या बोनोसात काय तो वाट चुकतो?"

ओसरी हसून हसून लोळली. आप्पा मात्र हसले नाहीत. ते बघून भाऊच जरा नरमले. मनाने वाईट नव्हते ते. म्हणाले, "मस्करी केलीस म्हण नि सोडून दे."

"मस्करी नाय, भाऊ. रोज डेकवर माजी सावली बगायचो मी. नाय कसं म्हणू?"

आप्पा उठून उभे राहिले. "हा म्हयनोन्म्हयने दर्यावर असनार. माजी पोर ह्याच्या एका शब्दावर दिवस काढनार. जो सूर्यनारायणाबद्दल थापा मारतो, त्याचा शब्द काय कामाचा? सुपारी राहू दे."

झालं! एका सूर्यापायी लग्न मोडलं. मला असा राग आला की काय सांगू! आप्पांचा आला, भाऊंचा आला, आणि एक शब्द मागे घेत नाही म्हणून महिपतचाही आला. मालन रडली नाही. चार दिवस कुणाशी धड बोललीसुद्धा नाही, नुसती आंबे पिळत राहिली.

मे संपत आला होता. मागल्या अंगणात आंब्याच्या रसाची साठं ताटांत वाळत पडली होती आणि कावळे हुसकायला मधोमध उंच बांबू पुरून त्याला काळं फडकं बांधलं होतं. ऐन दुपारी ताटं हलवता हलवता मालन एकदम थांबली.

"आक्का, सावली बग!"

बांबूची सावली इवलीशी झाली होती, दीड वीत असेल नसेल. पण पडली होती विहिरीकडे. विहीर आमच्या दक्षिणेला!

"थंडीत ही गोठ्याकडं, उत्तरेला असते," मालन म्हणाली. "आंबे संपत आले की विहिरीकडं येते. दर वर्साला मीच ताटं सरकवते, आक्का! म्हंजे सूर्य आत्ता उत्तरेला हाय!"

दोघी आप्पांना उठवायला धावलो. ते डोळे चोळत येईपर्यंत सावली कलली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना बोलावलं. महिपत आला, ठमाबाई आली, भाऊ आले, आणि बोलावणं नसलेलं अर्धं गाव आलं. नेमके त्याच दिवशी वळवाचे ढग! सूर्य दिसेना. मालन ओठ चावत उभी. मी वेळणेश्वराला नारळ बोलून मोकळी झाले. बांबूची सावली पुसट व्हायची, उमटायची, पुन्हा जायची. आणि ऐन वेळी ढग फाटला!

लख्ख ऊन पडलं. सावली आखडत आली, आखडत आली, आणि गोठ्याकडे न जाता सरळ विहिरीकडून वळली!

काय गलका झाला म्हणता! सगळ्यांत जास्त चकित झाला तो महिपत. "हितं पन?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. बिचारा दर मे महिन्यात कुठल्या तरी दर्यावर असायचा.

"आपल्याकडं सूर्य थोडे दिस उत्तरेला असतो," मालन आप्पांना म्हणाली. "मानूस दक्षिणेला लांब लांब गेला तर सूर्य त्याच्या उत्तरेलाच राहणार ना, आप्पा?"

भाऊ सावलीशी उकिडवे बसले होते. "ह्या दिसांत पावसाआधी गलबत किनाऱ्यावर ओढलं की मी दुपारचा झोपतो," ते म्हणाले आणि स्वतःच खो खो हसत सुटले. उठून त्यांनी महिपतच्या पाठीवर अशी थाप मारली की तो कोलमडलाच.

आप्पांनी वाकून सावलीच्या टोकाशी बोट टेकवून बघितलं. मग मालनला म्हणाले, "हे तुला कधी कळलं?"

"काल."

"मंग चार दिस माज्याशी अबोला कसला धरलावतास? तेव्हा तर तुला बी ठाव नव्हतं, ह्याचं खरं का खोटं."

"सूर्याचं ठाव नव्हतं," मालन म्हणाली. "ह्यांचं ठाव व्हतं."

आप्पांनी वळून आईला हाक मारली आणि सुपारी काढायला सांगितली.