अनोळखी बाईची तालीम

लहान मुलांचा स्वभाव मोजणं हे माझं काम आहे. ऐकणाऱ्याला ते वजन-उंची मोजण्याइतकं सोपं वाटतं आणि सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. लातूरच्या एका महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवते. नवं माणूस दिसलं की काही मुलं लगेच खुलतात आणि काही आईच्या पदराआड जातात, ते का, आणि पुढे त्यांचं चारचौघांत कसं जमतं, यावर मी गेली काही वर्षं संशोधन करते आहे. नांदेडला राहणारे माझे मार्गदर्शक दर दोन महिन्यांनी फोन करून ते कुठवर आलं विचारतात आणि मी विषय बदलते.

चाचणी अगदी साधी. अंगणवाडीच्या खोलीत सतरंजी टाकायची, त्यावर तीन वर्षांचं मूल आणि त्याची आई. थोड्या वेळाने एक अनोळखी बाई आत येते. पहिलं मिनिट ती काहीच बोलत नाही. मग पिशवीतून चावीचा बेडूक काढून सतरंजीवर सोडते. मूल बेडकाजवळ जायला किती वेळ लावतं ते मी कोपऱ्यात बसून स्टॉपवॉचवर मोजायचं. पुस्तकांत ही चाचणी फार सुंदर पार पडते.

पुस्तकं लिहिणाऱ्यांना लातूरजवळचं मुरुड माहीत नव्हतं. तिथे अनोळखी बाई म्हणून माझी एक विद्यार्थिनी आत गेली आणि ठरल्याप्रमाणे गप्प उभी राहिली. पहिल्याच मुलीची आजी सोबत आली होती. तिला हे गप्प उभं राहणं बघवेना. "कुठल्या गावची गं तू?" तिने विचारलं. विद्यार्थिनीने माझ्याकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, चाकूर. "चाकूरला कुणाची?" पुढच्या तीन मिनिटांत असं निघालं की विद्यार्थिनीची चुलती आजीच्या माहेरच्या गल्लीत दिलेली आहे. आजी नातीला म्हणाली, "अगं, ही तर आपली मावशी हाय. जा, मांडीवर बस जा." नात जाऊन बसली. मी वहीत लिहिलं, 'अनोळखी व्यक्ती रद्द', आणि आम्हा दोघींना चहा आला.

त्यानंतर मी आज्यांना बाहेर बसवायला शिकले आणि विद्यार्थिनीही बदलली. चाकूर तालुक्यातल्या एका गावात गेलो तेव्हा सगळं सुरळीत झालं. इतकं सुरळीत, की मला आधी आनंद झाला आणि मग शंका आली. एकामागून एक सोळा मुलं आत आली, अनोळखी बाईला "नमस्कार मावशी" म्हणाली आणि थेट सतरंजीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एकही मूल आईच्या मागे लपलं नाही. जगाच्या पाठीवर असं गाव नसतं. सतराव्या मुलाने तर कमाल केली. बेडूक अजून पिशवीतच होता आणि हे म्हणालं, "मावशी, बेडूक काढा ना."

मी अंगणवाडीच्या सेविकेला बाजूला घेतलं. तिने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे हेच तिला पटत नव्हतं. मुरुडच्या सेविकेचा तिला फोन आला होता, की लातूरची मॅडम पोरांच्या धाडसाची परीक्षा घ्यायलीय. मग हिने बाजारातून तसलाच बेडूक आणला, शेजारच्या वस्तीतली एक बाई रोज बोलावली आणि आठ दिवस सराव घेतला. "लातुरात तर पोरगं चालाय लागलं की क्लास लावायलेत लोक," ती म्हणाली. "आमी आठ दिवस घेतले तर काय बिघडलं? गावाचा निकाल चांगला लागाय पायजे ना, मॅडम." मी तिला समजावलं की यात पास-नापास काही नसतं. तिने मान डोलावली आणि विचारलं, "मग पैला कोण आला?"

मार्गदर्शकांनी सगळा किस्सा ऐकून घेतला आणि म्हणाले, "तुम्ही मुलांचा नाही, त्या सेविकेचा स्वभाव मोजलात. तो उत्तम आहे." नोंदी बाद झाल्या. हा किस्सा मी पुढे वर्षभर लग्नात, बारशात, स्टाफरूममध्ये सांगितला. बेडूक पिशवीत असतानाच मागणारं मूल ऐकून लोक हसायचे आणि मी सगळ्यात जास्त हसायचे.

शिवाय मी मातापालक मेळाव्यांत भाषणं करायचे. बिचकणं हा आजार नाही, काही मुलांना आधी लांबून बघायचं असतं, त्यांना बघू द्या, पुढे ढकलू नका. एकदा एका आईने उठून विचारलं, "मॅडम, तुमची लेक कशी हाय?" मी म्हटलं, "शांत आहे." दुसऱ्यांच्या मुलांना मी वहीत बुजरी लिहीत होते. माझी एकुलती एक तेवढी शांत होती.

ती तेव्हा साडेतीन वर्षांची होती. घरात कुणी आलं की सासूबाईंच्या पातळात तोंड खुपसायची आणि एका डोळ्याने बघत राहायची. सासूबाई उदगीरच्या. सकाळी त्या इष्टलिंगाच्या पूजेला बसल्या की ही शेजारी बसायची, अर्धा तास, हालचाल न करता. त्यांना तिचं फार कौतुक होतं. मला त्या अर्ध्या तासाची काळजी वाटायची.

कारण शाळेचा प्रवेश तोंडावर आला होता. इतक्या लहान मुलांची मुलाखत घ्यायला बंदी आहे, म्हणून त्या नावाजलेल्या शाळेने मुलाखतीचं नाव 'गप्पा' ठेवलं होतं. गप्पांचा निकाल तीन दिवसांनी लागायचा. माझी मुलगी अनोळखी बाईशी गप्पा मारणार नाही हे मला जितकं पक्कं माहीत होतं तितकं त्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. ती जन्मतःच तशी आहे, यात तिचा दोष नाही आणि तिला वेळ द्यायला हवा, हेही माहीत होतं. यावर तर मी पगार घेत होते.

तरी मी तालीम सुरू केली. रोज संध्याकाळी मी पर्स आणि गॉगल घेऊन दाराबाहेर जायचे, बेल वाजवायचे आणि शाळेतली बाई होऊन आत यायचे. "व्हॉट इज युवर नेम?" ती आजीमागे. मी परत बाहेर. परत बेल. दुसऱ्या आठवड्यात मी स्टॉपवॉच काढलं. तिला उत्तर द्यायला लागणारा वेळ लिहून ठेवायला लागले आणि तो कमी झाला की तिला चॉकलेट द्यायला लागले. एकदा ती रडली, तेव्हा मी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि परत दाराबाहेर गेले.

सासूबाई बरेच दिवस बघत होत्या. एका संध्याकाळी म्हणाल्या, "कशाला पोरीच्या मागं लागायलीस? तिचा बाप बी असाच व्हता. बघू दे की तिला जरा. वाटंल तवा बोलंल." हे माझंच भाषण होतं, मेळाव्यातलं, फक्त माझ्या भाषणाला चाळीस मिनिटं लागत. मला राग आला. "आई, आता तसं चालत नाही," मी म्हटलं आणि बेल वाजवायला बाहेर गेले.

गप्पांच्या दिवशी तिला पिवळा फ्रॉक घातला. शाळेतल्या बाई हसऱ्या होत्या, हातात पेन होतं. मुलीने माझं बोट सोडलं, सरळ चालत टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग मॅम." नाव सांगितलं, आवडता रंग सांगितला, फळ सांगितलं. न विचारता हातवारे करून कविता म्हटली. एकदाही मागे वळून बघितलं नाही. बाई मला म्हणाल्या, "किती बिनधास्त आहे हो तुमची मुलगी. हिचं झालंच समजा." मी इतकी खूश झाले की मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

परतताना ऑटोत मी तिला मांडीवर घेतलं, दोनतीनदा पापे घेतले आणि आइस्क्रीम कबूल केलं. ती रस्त्याकडे बघत होती. दोन चौक गेल्यावर तिने माझ्याकडे तोंड वळवलं.

"आई, आता मी गप बसू का?"

"बस गं बाळा," मी म्हणाले. तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. मला लाज वाटली, आणि ती वाटून काही उपयोग नव्हता. शाळा जूनपासून होती, रोज साडेआठ ते एक.