हिल्काचे एकशेवीस किलो

शनिवारी संध्याकाळी सहा ते सात ही सौनाची, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वाफेच्या खोलीची, वेळ आमच्या इमारतीत कुणी सहजासहजी सोडत नाही. माणूस गेला तरच ती मोकळी होते, आणि तोवर चार-पाच जण तिच्यावर डोळा ठेवून असतात. मी इथला देखभाल करणारा. यादी माझ्याकडे, त्यामुळे शेजाऱ्यांचा निर्लज्जपणा मला चांगला ठाऊक आहे. ही वेळ हिल्का वायनानेनच्या घरची. तिचा नवरा एन्सिओ चाकाच्या खुर्चीत आला, त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"त्यांना आता कशाला लागणार ती वेळ?"

"वर जाऊन त्यांनाच विचारा की," मी म्हटलं. तेवढी हिंमत बाईंना झाली नाही.

म्हणून हिल्का स्वतः माझ्या दारात आली तेव्हा मला वाटलं, वेळ सोडायला आली. तिने मागितली तळघरातल्या बंकरची किल्ली. युद्ध झालं तर लपायला म्हणून बांधलेली ती खोली. युद्ध आलं नाही, म्हणून आम्ही तिथे बार आणि लोखंडी प्लेटा ठेवल्यात. मी तरुणपणी पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा खेळलो, आणि हर्नियाचं ऑपरेशन झाल्यापासून दुसऱ्यांना शिकवतो.

"एन्सिओला सौनातल्या वरच्या फळीवर बसवायचंय," ती म्हणाली. "गेली एकोणीस वर्षं दर शनिवारी तो तिथे बसलाय. मदतीला येणाऱ्या बायका त्याला आंघोळ घालतात, पण फळीवर चढवायचं नाही असा त्यांचा नियम आहे. आणि पलंगावरून उचलायचं ते यंत्र सौनाच्या दारातून आत जात नाही."

हिल्का तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती. एन्सिओने सगळं आयुष्य लाकडाचे ट्रक चालवले. आता मज्जातंतूंच्या आजाराने त्याचे पाय गेले होते, हात जायला लागले होते. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली होती. मी त्याला म्हटलं, दोन पोरं बोलावतो, तुला उचलून बसवतील. तो हसला. "टाइस्तो, सौनात मी तुम्हा सगळ्यांच्या शेजारी बसेन. तुमच्या मांडीवर बसणार नाही. बसवलं तर हिल्काने, नाहीतर राहू दे."

"वजन किती याचं?" मी हिल्काला विचारलं.

"चौऱ्याण्णव."

मी हिशेब केला. बारला धरायला जागा असते, माणसाला नसते. शिवाय तीन पायऱ्या चढायच्या. "चौऱ्याण्णवचा माणूस उचलायला जमिनीवरून एकशेवीसचं लोखंड उचलता आलं पाहिजे," मी सांगितलं. हा आकडा माझा.

पहिल्या दिवशी चाळीस किलोलाच तिची पाठ वाकली. महिनाभर बार घासून नडग्या सोलून निघत होत्या. मी दर पंधरा दिवसांनी अडीच किलो वाढवायचो आणि प्रत्येक वेळी तेच पालुपद लावायचो, धीर धर.

"तुझं बरंय," ती म्हणायची. "तू धीर धरायला सांगतोस. त्याच्या आजाराला कोण सांगणार?"

पुढच्या मार्चमध्ये, मी दुसरीकडे असताना, तिने गुपचूप पाच-पाचच्या दोन प्लेटा जास्त चढवल्या. कंबर गेली. अकरा आठवडे ती भिंतीला धरून चालत होती. मी तिला फाडफाड बोललो, आणि त्याची आजही लाज वाटते. परत आली ती पुन्हा चाळीसवरून सुरू करायला. अंगाला आता सवय होती, म्हणून या वेळी मी दर आठवड्याला अडीच किलो वाढवले. तक्रार केली नाही. आल्यावर एकच म्हणाली, "एन्सिओने विचारलंय, लोखंडाला जास्त लागलं नाही ना?" त्याचे शब्द तोपर्यंत फक्त तिलाच कळत होते.

सप्टेंबरात तिने ऐंशी उचलले. फेब्रुवारीत शंभर. एप्रिलमध्ये शाळेच्या हॉलमध्ये जिल्ह्याची स्पर्धा होती, तिथे मी तिचं नाव घातलं. बंकरमध्ये माणूस स्वतःला फसवतो. पंचांपुढे फसवता येत नाही. एन्सिओला पहिल्या रांगेत खुर्चीत बसवलं.

पहिल्या खेपेला एकशेपाच आरामात निघाले. दुसऱ्या खेपेला एकशे साडेबारा. तिने बार वर आणला, सरळ उभी राहिली. आता पंच हात खाली करेपर्यंत बार धरून ठेवायचा, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात एन्सिओची मान पुढे कलंडली. तिने बार टाकला आणि धावली. पंचांचे तिन्ही दिवे लाल, खेप बाद.

"हात बघायचा होता," मी म्हणालो.

"त्याला श्वास घेता येत नव्हता, मूर्खा."

तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, एकशेवीस लाव. मी एन्सिओच्या मागे उभा राहिलो आणि त्याची हनुवटी तळहातावर धरली. बार इतका सावकाश वर आला की मला वाटलं, अडकला. अडकला नाही. ती उभी राहिली, पंचाच्या हाताकडे बघत, ओठ निळे पडेपर्यंत. हात खाली आला. तीन पांढरे दिवे. माझ्या तळहातावर एन्सिओच्या डोळ्यांतलं पाणी ओघळलं. तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही की ही हनुवटी म्हणजे नुसतं हाड आहे.

त्याच शनिवारी सहा वाजता मी सौनाचं दार धरून उभा होतो. हिल्काने दोन्ही हात त्याच्याखाली घातले, पाठ सरळ केली, दम भरला आणि उचललं. तोल जाऊन ती मागे भिंतीवर आदळली. इतक्या जोराने उचलायची गरजच नव्हती. ती तशीच त्याला छातीशी धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग तीन पायऱ्या चढून तिने त्याला फळीवर बसवलं.

तासाभराने ती बाहेर आली. "टाइस्तो, हा असा हलका कधी झाला?"

त्याला रोज ते यंत्र उचलत होतं. तो वाळतोय हे आम्हाला दिसत होतं, पण एकशेवीस हा आकडा पक्का झाला होता, आणि त्याला पुन्हा वजनाला लावायचं दोघांनाही सुचलं नाही. सोमवारी दवाखान्यातल्या, बसवून वजन करायच्या काट्यावर तो पंचावन्न भरला. तिथल्या कागदात जुनं वजनही होतं. गेल्या सप्टेंबरात, ती ऐंशी उचलत होती तेव्हा, तो साठ होता. तेव्हाच जमलं असतं. सात महिन्यांचे शनिवार मी धीर धरायला सांगून घालवले.

त्यांना चार शनिवार मिळाले. पाचव्या आठवड्यात एन्सिओ गेला.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी त्यांना काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वेळ हिल्काच्या नावावरच आहे.

दफनानंतरच्या सोमवारी ती बंकरमध्ये आली. तिने स्वतःच प्लेटा चढवल्या, दोन्हीकडे पंधरा आणि अडीच. वीसच्या बारसकट पंचावन्न. मला म्हणाली, "समोर उभा राहा. पंच हो."

तिने बार उचलला, सरळ उभी राहिली आणि माझ्या हाताकडे बघू लागली. माझ्या खुणेशिवाय ती बार खाली ठेवणार नव्हती. मी हात वर धरून उभा होतो, आणि तो खाली आणणं मला जमत नव्हतं.