पंडाजींच्या चाळीस वह्या आणि माझी एकतीस वर्षं

मंडळी, नोकरीला दोनच वर्षं झालीत आणि फोनमध्ये मी रिटायरमेंटचा काउंटडाउन लावून ठेवलाय. अजून एकतीस वर्षं!

आज सकाळी आजोबांच्या श्राद्धाला राम घाटावर गेलो. तिथे आमचे पंचाहत्तरीचे पंडाजी यजमानांच्या वंशावळीची फाटकी वही नव्या वहीत हाताने उतरवत होते. अशा चाळीस वह्या बाकी आहेत म्हणे.

"कधी पूर्ण होणार?" मी विचारलं.

"मेरे से तो नहीं होगा, भैया. बस, आज के पन्ने पर किसी का नाम न छूटे." चष्मा पुसून ते पुढचं नाव लिहू लागले. मानलं बुवा!

काउंटडाउन अजून काढलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण आज ऑफिसात तो एकदाही बघितला नाही.

तुमचं आजचं पान कसं गेलं?