गटारीचा पेशंट

"ओ डॉक्टरीणबाई! उठा, उठा! तो फुगला! आता फुटंल नि आपल्या सगळ्यांच्या अंगावर येईल!"

शेजारच्या काकू आमच्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या. काकूंचा आवाज असा, की त्या नळावर भांडायला लागल्या की वापी स्टेशनात गाड्यांना सिग्नल पडतो. सकाळची वेळ, पप्पा नाइट शिफ्ट करून नुकतेच आडवे झालेले, आणि मी चादर डोक्यावर ओढून पडलेली. कारण ‘डॉक्टरीणबाई’ ही त्या दिवसांत मला पडलेली शिवी होती.

नीटचा निकाल लागला होता. मला माणसांची डॉक्टर व्हायचंच नव्हतं, गुराढोरांची व्हायचं होतं, पण त्यालाही परीक्षा तीच. मार्क असे पडले होते, की तोंड लपवावं इतके कमी नव्हते आणि पेढे वाटावेत इतके जास्त नव्हते. व्हेटर्नरीला नंबर लागतो की नाही, हा प्रश्न सिल्वाशाजवळच्या आमच्या अथाल गावातल्या चाळीने स्वतःच्या अंगावर घेतला. चाळ म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची एक लांबलचक रांग आणि तिच्यात अर्धा हिंदुस्थान कोंबलेला. बिहारचा भैया म्हणाला, "हमारे यहाँ तो इतने में आराम से हो जाता." ओडिशावाल्याने त्याच्या गावच्या कॉलेजात मला थेट बसवूनच टाकलं. आम्ही मूळचे खानदेशचे, तर जळगावचा एक जण म्हणाला, "आपल्याकडं असती तर आतापर्यंत हातात सुई असती." पण मी दहावी-बारावी केली सिल्वाशात, म्हणून महाराष्ट्र मला आपली म्हणेना. गुजरात चार पावलांवर, पण ती चार पावलंही परराज्यात. आणि आमच्या इथल्या वाट्याला ज्या काय सीटा, त्या एवढ्याशा की रांगेतल्या पहिल्या माणसाने शिंक दिली तरी उडून जाव्यात. थोडक्यात, मी देशभर सगळीकडे डॉक्टर झाले होते, फक्त जिथं राहत होते तिथं नाही.

पप्पांना चाळीचं म्हणणं पुरेना. त्यांनी साहेबांना चहाला बोलावलं. साहेब पुण्याचे, पप्पांच्या यार्नच्या कारखान्यात इंजिनिअर, रस्त्यापलीकडच्या उंच बिल्डिंगीत राहणारे. घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसून त्यांनी माझे मार्क ऐकले, मोबाइलवर बोट फिरवलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

"साहेब, लागेल का हिचा नंबर?" पप्पांनी विचारलं.

"आपल्या मशीनवर एकही धागा न तुटता अख्खी शिफ्ट गेलीय का हो कधी?"

"जन्मात नाही, साहेब."

"मग तेवढाच चान्स," साहेब म्हणाले आणि हसले. साहेब हसले म्हणून पप्पा हसले. साहेबांचं हसून संपलं, त्यांनी दुसरं बिस्किट बुडवलं, तरी पप्पा हसतच होते. मी दारामागे उभी होते हे त्यांना ठाऊक होतं.

"पॅकिंगला मुली लागतायत," साहेब जाता जाता म्हणाले. "श्रावण लागला की पाठवा."

मला हवं होतं फक्त एक वर्ष. पुन्हा अभ्यास करायचा, पुन्हा परीक्षा द्यायची. पप्पांना मी ते शंभरदा सांगितलं आणि त्यांनी शंभरदा विचारलं, "त्या एका वर्षात तू धागा तुटू देणार नाहीस का?" ही उपमा त्यांना फारच आवडली होती. ते ती भाजी घेतानासुद्धा वापरायचे.

तर, फुगला कोण? फुगला होता बोकड. चाळीने वर्गणी काढून गटारीसाठी आणलेला, पाण्याच्या टाकीपाशी बांधलेला. काकू शिफ्टवाल्यांना सकाळी इडल्या विकायच्या. रात्री त्यांनी भिजवलेलं पातेलंभर पीठ बोकडाने दावं तोडून संपवलं होतं, आणि आता ते पीठ जे पातेल्यात करायचं ते त्याच्या पोटात करत होतं. मी बाहेर येऊन पाहिलं तर डावी कूस टम्म, ताशासारखी. टिचकी मारली तर पलीकडच्या दादरा गावापर्यंत ऐकू गेलं असतं. पाय ताणलेले, जीभ बाहेर, डोळे साहेबांसारखे मिटत चाललेले.

"आधी माझं पीठ बाहेर काढ!" काकू म्हणाल्या.

सगळी चाळ गोळा झाली. कोणी म्हणालं, आत्ताच कापून टाका, निदान मटण तरी मिळेल. पप्पा बनियनवर डोळे चोळत आले, बोकडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढी गर्दी आयती मिळालेली बघून त्यांना राहवलं नाही.

"काय वं पोरी, वाचव ना याला! मोठी ढोरांची डॉक्टर होणार ना तू? याला वाचव, मग तुझ्या वर्षाचं बघू."

लोक हसले. पप्पांच्या ‘बघू’मध्ये माझी सायकल, आईची वॉशिंग मशीन आणि नाशिकची एक ट्रिप बुडालेली आहे, ती आजवर वर आलेली नाही. पण मला त्या क्षणी ‘वर्ष’ एवढंच ऐकू आलं.

दुधनी गावाला माझी एक मैत्रीण होती. तिच्याकडे शेळ्या, आणि असल्या फुगलेल्या शेळीचं पोट तिच्या आईने कसं उतरवलं हे मी बघितलं होतं. मी काकूंच्या घरातून शेंगदाण्याचं तेल आणि खायचा सोडा आणला ("तेलपण माझंच का?" काकू), बाटलीने हळूहळू त्याच्या घशाखाली सोडलं, पुढचे पाय पायरीवर चढवले आणि डावी कूस मळायला घेतली. मळते, मळते, मळते. माझे हात खांद्यातून निखळून बोकडाला चिकटून राहतील असं वाटायला लागलं. साहेब रस्त्यापलीकडच्या गॅलरीतून बघत होते. एक जण म्हणाला, "मेला, मेला." आणि मग तो ढेकर आला.

काय सांगू तो ढेकर! दोरीवरचे कपडे आडवे झाले. कावळे उडाले ते पार किलवणी गावाला जाऊन बसले. भैयाने सकाळी सकाळी लावलेल्या उदबत्त्या विझल्या. आंबलेल्या पिठाचा एवढा वास, की फक्त सांबार तेवढं कमी होतं. एकामागून एक, असे ढेकर देत देत बोकड रिकामा झाला, उठून उभा राहिला, आणि काकूंच्या ओट्यावर आणखी पीठ आहे का ते शोधायला निघाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दोरीने ओढत सरकारी दवाखान्यात नेलं, नीट तपासून घ्यायला. तिथल्या डॉक्टरांनी त्याचं पोट दाबलं, कान लावला.

"हे कोणी केलं?"

"मी."

"छान केलंस. हात चांगला आहे तुझा."

अंगावर मूठभर नाही, मणभर मांस चढलं. म्हटलं, "सर, मला व्हेटर्नरीलाच जायचंय."

"मार्क किती?"

मी सांगितले. डॉक्टरांनी खाली बघून एक पावडर पुडीत बांधली, गुळात घालून द्यायला सांगितली, माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "बोकड वाचेल, बाळ."

तेव्हापासून चाळीत त्याचं नाव पेशंट पडलं. आणि पेशंट माझा झाला. तो माझ्याच हातून खायचा. दुसऱ्या कोणी दोरीला हात लावला की शिंग. मी फिजिक्सचं पुस्तक घेऊन टाकीपाशी बसले की तो माझ्या मांडीवर मान टाकून ऐकायचा. शपथ घेऊन सांगते, न्यूटनचा तिसरा नियम त्याला माझ्याआधी कळला होता, कारण काकूंनी लाथ घातली की तो तेवढ्याच जोराने परत द्यायचा. जिभेने ‘च्यक च्यक’ केलं की असेल तिथून यायचा. एकदा तर मी आरशासमोर जिभेने दातात अडकलेलं काढत होते, तर हा दार पाडून आत.

संध्याकाळी शिफ्ट सुटली की लोक त्याच्या बरगड्या चाचपून जायचे. "डॉक्टरीणबाई, झकास काम चाललंय हां तुमचं. पाठीवर पण जरा येऊ द्या." मी पाला वाढवायचे. कशासाठी वाढवते आहे ते मला माहीत होतं. सगळ्या चाळीला माहीत होतं. पेशंटला तेवढं माहीत नव्हतं.

वर्षाचं विचारलं की पप्पा म्हणायचे, "बघू. गटारी होऊ दे." आणि मग लगेच आईला, "हिला पॅकिंगसाठी चांगल्या चपला घे. दिवसभर उभं राहावं लागतं."

गटारी आली. आमच्याकडे दारूला मनाई नाही आणि शेजारच्या गुजरातेत आहे, त्यामुळे त्या दिवशी सिल्वाशाचं वजन वाढून जमीन जरा खचते. चाळीतले पुरुष सकाळपासूनच प्रेमळ झाले होते. आई आणि काकू पाट्यावर वाटण वाटत होत्या. पप्पांनी साहेबांनाही बोलावलं होतं, आणि साहेब पांढरा लखनवी झब्बा घालून आले होते. किलवणीचा खाटीक मोटरसायकलवर आला, त्याला त्या दिवशी श्वास घ्यायला सवड नव्हती. त्याने पिशवीतून सुरी काढली आणि पेशंटने दावं तोडलं.

मग जे झालं ते अथालमध्ये अजून सांगतात, आणि मी सांगते त्याहून वाढवून सांगतात. पेशंट तीन खोल्यांतून गेला, भैयाच्या पलंगाखालून निघाला, चार जणांना लोळवलं, साहेबांच्या झब्ब्याला मागून असा भिडला की साहेब वाटणाच्या परातीत दोन्ही हात घालून बसले, आणि शेवटी लोखंडी शिडीने पाण्याच्या टाकीवर जाऊन उभा राहिला. वर जाईल त्याला शिंग. कोणी खडे मारले. कोणी पाला दाखवला. खाटकाने सुरी पिशवीत टाकली.

"मला पुढं पाच ठिकाणी जायचंय. तुमचं ठरलं की पुढच्या गटारीला बोलवा."

उद्यापासून श्रावण. मग महिनाभर वरण-भात. चाळीचे चेहरे उतरले. पप्पांनी मला हाक मारली.

"काय वं पोरी, बोलव त्याला."

"एक वर्ष," मी म्हणाले.

"बघू. आधी बोलव."

"मग मीपण बघते." मी पायरीवर बसले.

खाटकाने गाडीला किक मारली. तशी सगळी चाळ पप्पांवर तुटून पडली. "अहो द्या ना वर्ष, वर्षाला काय होतंय!" "वाटण वाया जाईल!" "दे दो भैया, बच्ची पढ़ना ही तो चाहती है!" निकालापासून मला फाडून खाणारी माणसं रश्शासाठी माझ्या शिक्षणाच्या बाजूने उभी राहिली. असा पाठिंबा मला ना आधी मिळाला, ना नंतर. साहेबसुद्धा हाताचं तिखट झटकत म्हणाले, "द्या हो, एक चान्स द्यायला काय हरकत आहे?"

पाट्यावरून आई हळूच म्हणाली, "राहू दे गं. नको बोलवू. आपण पिठलं करू."

मी आईकडे पाहिलं नाही. मी पप्पांकडे पाहत होते.

"बघू नाही," मी म्हणाले. "दिलं म्हणा. साहेबांसमोर."

"दिलं!" पप्पा ओरडले. "एक वर्ष दिलं! पॅकिंग नाही, काही नाही, बस अभ्यासाला! साहेब साक्षीला! आता बोलव त्याला, मायला!"

मी उठले. टाकीखाली गेले आणि जिभेने च्यक च्यक केलं.

पेशंटने कान वळवले. एकेक पायरी जपून उतरला, घाई नाही, काही नाही. सगळे बाजूला झाले होते. तो सरळ माझ्याकडे आला आणि रोजच्यासारखं माझ्या ओढणीच्या गाठीत तोंड घातलं. तिथं चपातीचा तुकडा असायचा. त्या दिवशी नव्हता. मी त्याच्या डाव्या कुशीवरून हात फिरवला, दोरी गळ्यात घातली आणि गाडी बंद करून थांबलेल्या खाटकाच्या हातात दिली.

"लई गरीब आहे हो हा," खाटीक म्हणाला. "एवढा कशाला तमाशा केलात?"

दुपारी पंगत बसली. काकूंनी कबूल केलं, की त्यांच्या पिठाची चव कुठं तरी लागते आहे. साहेबांनी तीनदा रस्सा घेतला. आई जेवली नाही, वाढत राहिली. माणसं पांगल्यावर पप्पा ओट्यावर बसून काडीने दात कोरत होते. खूश होते. असे खूश ते वर्षातून एकदाच असतात, म्हणून मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ताट माझ्या हातात तसंच होतं.

"पप्पा, खरं सांगा. पुढच्या वर्षी लागेल का माझा नंबर?"

त्यांनी काडी काढली. माझ्या ताटाकडे पाहिलं. धाग्याचं काही बोलले नाहीत.

"लागेल," म्हणाले. "जेवून घे, रस्सा गार होतोय."