मामा हमीर

गुरुवारी मधल्या सुट्टीत साटमबाई स्टीलचा मोठा डबा घेऊन स्टाफरूममध्ये टेबलाटेबलापाशी फिरत. गाजराचे शेंडे, काकडीची सालं, मटारची टरफलं, कुणी अर्धवट सोडलेलं सफरचंद, जे असेल ते मागून घेत. मस्कतमधल्या आमच्या शाळेत नवीन आलेल्या माणसाला वाटे, बाई घरी शेळी पाळत असणार. मलाही तसंच वाटलं होतं. विचारलं, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. साठीजवळची बाई मोबाइल पुढे करते म्हणजे नातवंडांचे फोटो, या हिशेबाने मी "किती गोड" म्हणायच्या तयारीत राहिले आणि पाहते तर एक गाढव थेट माझ्याकडे बघत होतं. मागे उभा कडा, अंगावर हिवाळ्यातली दाट राखाडी लव आणि पापण्या अशा, की आमच्या स्टाफरूममध्ये कुणाच्याच नव्हत्या. "किती गोड," मी तरीही म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

बाई गणित शिकवत. शाळेत आम्ही सगळ्या मॅडम, त्या एकट्या बाई. त्यांच्या वर्गात कितीही दंगा चालायचा, पण गाढव म्हणायला बंदी होती. गधा नाही, डाँकी नाही आणि अरबीतलं हमारही नाही. "त्यांचा अपमान होतो," त्या सांगत. हा अपमान मुलांचा नव्हे, गाढवांचा, हे मुलांना उमगायला एखादा महिना लागे. एकदा सातवीतला एक मुलगा रडवेला होऊन आला. "बाई, तो मला गाढव बोलला." बाईंनी वहीतून मान वर न काढता विचारलं, "मग तू त्याला थँक यू म्हणालास का?"

ही गाढवं जबल शम्स या ओमानमधल्या सगळ्यात उंच डोंगराच्या माथ्यावरची. पूर्वी त्यांच्या पाठीवरून डोंगरातल्या गावांचं पाणी, धान्य, लाकूड, सगळं चढायचं. रस्ता आला, पिकअप आल्या, आणि लोकांनी त्यांना मोकळं सोडलं. आता ती कुणाचीच नाहीत, आणि माणसाला भीतही नाहीत. बाईंची छोटी गाडी वरच्या खडकाळ रस्त्याला टिकेना आणि माझ्याकडे फोर व्हील होती, एवढ्या भांडवलावर मी त्यांची सारथी झाले. दर हिवाळ्यात, शुक्रवारच्या सुट्टीला, थंडीने कुडकुडत, त्या कड्याकडच्या वळणांवर देवाचं नाव घेत मी गाडी चढवायचे. शेजारी बाई मांडीवर डबा आणि डब्यावर कॅमेरा ठेवून निवांत बसलेल्या असायच्या.

वर सालिम भेटायचा. दिशदाशा या पायघोळ झग्यावर जुना लष्करी कोट घालून, बायकांनी विणलेले लोकरीचे गालिचे मांडून बसणारा म्हातारा. बाई पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा ही भारतीय बाई गालिच्यांकडे ढुंकूनही न पाहता गाढवांमागे धावते आहे, हे बघून त्याने बोट दाखवून विचारलं, "हमार?" म्हणजे, गाढवं? बाईंना अरबी यथातथाच. त्यांना वाटलं, हा हिंदीत विचारतोय, तुमची आहेत का. त्यांनी ठासून सांगितलं, "हां हां, हमारा." सालिमला बाजारातली हिंदी येत होती. तो इतका हसला, की त्याला ठसका लागला. मग त्याने बसवून कावा, म्हणजे तिथली वेलचीची कॉफी, पाजला, खजूर दिले आणि बाईंचं नाव ठेवलं मामा हमीर, गाढवांची आई. तेव्हापासून तो रिवाजच झाला. गाडीतून उतरलं, की सालिम गंभीर चेहऱ्याने विचारणार, "हमार?" आणि बाई तितक्याच गंभीरपणे म्हणणार, "हमारा." त्याशिवाय कावा मिळत नसे.

एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. बाई वर्गात इंग्रजी बोलत, आमच्याशी शुद्ध मराठी, आणि गाढवांशी मालवणी. "ये गो बाये. खंय होतंस? थंडी लागता?" कळपातल्या एका म्हाताऱ्या गाढवीला त्या थोरली म्हणत. ती बाईंच्या खांद्यावर हनुवटी टेकवून सगळं ऐकून घ्यायची. मी चेष्टा केली, तर बाई म्हणाल्या, "अगं, हे गेल्यापासून मालवणी बोलायला दुसरं उरलंय कोण?" साटमसाहेब सोहारला नोकरीत होते, तिथेच गेले. मुलगा कॅनडात.

बाईंकडे गाढवांचे खंडीभर फोटो होते, पण हवा असलेला एक नव्हता. त्यांना पांढरा फोटो हवा होता. त्या माथ्यावर क्वचित, एखाद्या हिवाळ्यात बर्फ भुरभुरतं आणि पाहता पाहता वितळतं. दरवेळी बाईंना ते दुसऱ्या दिवशी कळायचं. त्यातून त्यांचा शेवटचा हिवाळा उजाडला. एप्रिलमध्ये निवृत्ती, म्हणजे व्हिसाही संपणार, आणि बाई डोंबिवलीच्या बंद ठेवलेल्या फ्लॅटमध्ये जाणार. एकदा थोरलीची मान खाजवता खाजवता त्या म्हणाल्या, "यांचं एक बरं आहे. काम संपलं तरी व्हिसा संपत नाही." हसतच म्हणाल्या आणि डब्यातलं शेवटचं गाजर तिला भरवलं.

जानेवारीत एका मंगळवारी दुसऱ्या तासानंतर बाईंचा फोन वाजला. पलीकडून सालिम ओरडत होता, "मामा हमीर, थल्ज! थल्ज!" बर्फ. बाईंनी आजवर घरच्या आजारपणाखेरीज रजा घेतली नव्हती. त्या उठल्या आणि तडक प्रिन्सिपलसरांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. सरांनी काळजीने विचारलं, "फॅमिली इमर्जन्सी, बाई?" बाईंनी क्षणभर विचार केला. "येस सर. फॅमिली." हे त्या इतक्या खरेपणाने म्हणाल्या, की सरांनी पुढे काही विचारलं नाही. मी मात्र पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

बाईंच्या घरून कॅमेरा, शाल आणि घाईत भरलेला डबा उचलला. वाटेतलं निझवा शहर मागे पडलं, चढ लागला, आणि खिडकीबाहेर सगळा डोंगर काळा, ओला, चकाकणारा. बर्फ पडून गेल्याची ओल होती, बर्फ नव्हतं. ऊन चांगलंच तापलं होतं. बाई डबा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या. मीच न राहवून म्हणाले, "वर असेल हो, बाई." त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला म्हणू नकोस हां फक्त. इथे इन्शाल्ला म्हटलं, की काम होत नाही."

शेवटचं वळण घेतलं आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. कड्याच्या सावलीतलं अख्खं पठार पांढरं होतं. खडक, वाळकी झुडपं, जुनिपरच्या वाकड्या फांद्या, सगळ्यांवर बर्फ. पुढे दरी उघडी पडलेली, आणि तिच्या तळाशी नेहमीसारखंच तपकिरी, कोरडं ओमान. एकाच नजरेत दोन मुलुख दिसत होते. मी इतकी वर्षं विज्ञान शिकवते, बर्फ कसं पडतं ते फळ्यावर काढून दाखवते. पण तिथे उतरल्यावर आधी वाकून बर्फाला बोट लावून पाहिलं. सालिम कोटात हात खुपसून उभा होता. "बर्द वाजिद," एवढंच म्हणाला. फार थंडी. हमार-हमारा त्या दिवशी राहूनच गेलं.

गाढवं मात्र नव्हती. नेहमीच्या जागी नाहीत, पाण्याच्या टाकीपाशी नाहीत. सावली होती म्हणून बर्फ होतं. ऊन सरकून तिथे पोचलं, की तेही जाणार होतं. बाई बर्फात मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी डबा हलवला. खडखड खडखड. मग हाक मारली, "ये गो बाये." शांतता इतकी, की हाक दरीतून परत आली.

आधी जुनिपरमागे दोन कान दिसले. मग थोरली, मग बाकीची. आयाळीवर बर्फ, पापण्यांवर बर्फ, नाकपुड्यांतून वाफा. घाई न करता, एकामागून एक, अगदी घरच्यासारखी ती चालत आली. बाईंनी फोटो काढले. डोळे वाहत होते, ते त्या पुसत नव्हत्या. "माका वळाखलंस मां?" त्या थोरलीला पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

मग त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "आता माझा एक काढ. एकटीचा नको, यांच्यातला. मीही इथे होते, एवढं दिसलं म्हणजे झालं." इतक्या फोटोंत त्या स्वतः एकाही ठिकाणी नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. राखाडी शाल डोक्यावरून घेऊन त्या कळपात जाऊन उभ्या राहिल्या. थोरलीने हनुवटी त्यांच्या खांद्यावर ठेवली. मी फोटो काढला, आणि पाठोपाठ ऊन आलं.

तो फोटो स्टाफरूममध्ये लावलाय. "यात बाई कुठेत?" असं प्रत्येक जण विचारतो. राखाडी पाठींमध्ये ती राखाडी शाल चटकन सापडतच नाही. बाई एप्रिलमध्ये गेल्या. डोंबिवलीहून दर गुरुवारी फोन येतो. माझी तब्येत विचारत नाहीत, डबा भरला का ते विचारतात.

या हिवाळ्यात मी एकटीच वर गेले. सालिमने माझ्या मागे पाहिलं, गाडीत पाहिलं. "मामा हमीर?"

"इंडिया," मी म्हणाले.

"खलास?"

"खलास."

मी मोबाइलवर तो फोटो दाखवला. त्याने जराही न शोधता बाईंवर बोट ठेवलं आणि खूप वेळ ठेवलं. गाढवं एव्हाना डब्याचा वास घेत जवळ आली होती. सालिमने कोट सारखा केला, त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "हमार?"

"हमारा," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि कावा ओतायला घेतला.