ताण्यात मुरलेलं ताक

मध्यप्रांताचे दिवस होते. नागपुरात गिरणीचा भोंगा वाजायचा, तरी आमच्या कोष्टीपुऱ्यातली हातमागांची खटखट काही थांबली नव्हती. मी लग्न होऊन तिथे नवीनच आले होते. शेजारी कुसुमावतीकाकू आणि त्यांचे यजमान नत्थूजी लुगडी विणायचे. काकूंच्या ताकाचं मोहल्ल्यात नाव होतं, आणि त्यांच्या हट्टाचं त्याहून जास्त.

मला मेलीला चौकशा फार. आमच्या सासूबाई, रुखमाबाई, त्याच गवळ्याचं दूध घ्यायच्या, तशाच मडक्यात विरजायच्या. मग काकूंच्याच ताकाला ही चव कुठून? एकदा विचारलंच.

“विरजण मायचं आहे वं,” काकू म्हणाल्या. “लग्नात उमरेडहून आणलं. तवापासून मोडू नाही देलं.”

रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधाला, असं ते वर्षानुवर्षं चाललेलं. त्या फाल्गुनात त्यांची आई वारली. निरोप पोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. काकू रडल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं दूध विरजलं, एवढंच. आईचं म्हणून त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

वैशाखात नत्थूजींनी गल्लीत ताणा पसरला. मागावर चढवण्याआधी या उभ्या सुताला ज्वारीची आंबवलेली खळ कुंच्याने पाजावी लागते. त्या कामाला शेजारपाजारची माणसं येतात. त्यांच्यासाठी काकूंनी घरातलं सगळं दही घुसळलं. ताकातूनच विरजण काढून ठेवू, असा विचार. मडकं सावलीत, ओल्या गोणपाटाखाली, खळीच्या मडक्याशेजारी ठेवलं आणि त्या विहिरीवर गेल्या.

नत्थूजींना सणसणीत पडसं. दोन्ही मडकी सारखी, आतलं दोन्ही पांढरं, दोन्ही आंबट. काकू घागर घेऊन परतल्या तेव्हा ताणा ताकाने न्हाऊन निघाला होता, मडकं पालथं पडलं होतं आणि नत्थूजी वर विचारत होते, “आज खळ इतकी पातळ काहून केली वं?”

सगळे पोट धरून हसले. मीही हसले. काकूंचं तोंड पाहिलं आणि धावत जाऊन मडकं उचललं; आत विरजणापुरतंही ताक उरलं नव्हतं.

“दुसरं विरजण आणून देतो तुले,” नत्थूजी म्हणाले. हे बोलले नसते तर बरं झालं असतं. काकूंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

सासूबाई वाटीत दही घेऊन गेल्या. “हे तुहंच आहे, कुसुमा. पोळ्याले तुह्याकडूनच नेलं होतं.”

काकूंनी बोटाने चाखलं. “होतं माहं. आता तुमचं झालं.”

मला राहून राहून नवल वाटायचं. दहीसुद्धा सुनेसारखं सासरचं होतं की काय!

दुसऱ्या दिवशी पाहते तो काकू वाळलेल्या ताण्याचं टोक दाताखाली धरून उभ्या.

“काय करून राहिल्या, काकू?”

“सुतात खळ मुरते. मंग ताक काहून नाही मुरणार?”

पण सूत कापून दुधात टाकल्याशिवाय ते कळायचं कसं? अन् मागावर न चढलेल्या ताण्याला कात्री लावणं म्हणजे कोष्ट्याच्या घरी अभद्रच. काकू बराच वेळ सूत नुसतं चाचपत राहिल्या, मग तोंड फिरवून घराकडे वळल्या.

नत्थूजींनी दारातून ऐकलं होतं. ते कात्री घेऊन आले, ताण्याच्या टोकाचा एक झुबका कचकन कापला आणि काकूंच्या हातावर ठेवला. “घे. लुगडं आखूड निघन तर निघू दे.”

काकूंनी तो झुबका कोमट दुधात सोडला. सकाळी मी वेणीफणी न करताच धावले. दूध जेमतेम धरलं होतं, पातळ आणि चिकट. मी नाक मुरडलं. काकूंनी मात्र त्यातलंच थोडं पुढच्या दुधाला लावलं. आणि या खेपेला दही असं लागलं की मडकं कलंडलं तरी हलेना.

काकूंनी ते घुसळलं, घोटभर घेतलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी रवी खाली ठेवली आणि “माय वं!” म्हणून हंबरडा फोडला. फाल्गुनातलं सगळं रडू त्या दिवशी बाहेर पडलं. माझ्याही डोळ्यांना धार लागली.

नत्थूजी धावत आले. “नाही जमलं का?”

काकूंनी पदराने डोळे पुसले, पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला. “प्या तुम्ही. मायच्या हातचंच आहे.”

नत्थूजींनी पेला आधी कपाळाला लावला, आणि मग प्यायले.